स्टीम इस्त्री घ्यायची आहे: वॉट किती आणि पाणी कुठलं?

सोनटक्का | ३ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आमची साधी इस्त्री अखेर गेली. लग्नात आहेरात आलेली, १९ वर्षं कुरकुर न करता चालली. कॉइल बदलून मिळेल असं दुरुस्तीवाला म्हणतोय, पण घरात "आता स्टीमवालीच घे" असा धोशा सुरू झालाय. त्यात खालच्या इस्त्रीवाल्या काकांचा दर कपड्याला १० रुपये झाला. आठवड्याला पंचवीसेक कपडे धरले तर महिन्याचे हजार तिथेच जातात.

काल दुकानात जाऊन आले आणि डोकंच फिरलं. १२५० वॉटपासून २४०० वॉटपर्यंत रांग लावलेली. "मॅडम, वॉट जास्त तेवढी इस्त्री भारी," इति विक्रेता. विचार करून येते म्हटलं आणि निघाले.

कपडे असे: नवऱ्याचे सुती शर्ट (हे मुख्य दुखणं), मुलीचा टेरिकॉटचा गणवेश, माझे कुर्ते, महिन्यातून दोन-तीन सुती साड्या. पैठणी एकच आहे, तिला मी घरी हात लावत नाही. इस्त्रीचं टेबल नाही, पलंगावर चादर घालून करते. राहायला पुण्यात, सोसायटीला अर्धं पाणी कॉर्पोरेशनचं, अर्धं टँकरचं.

जाणकारांनी मदत करावी.

झुळूक | ३ जून, रात्री ९:५२

वाचतेय. मलाही घ्यायची आहे.

तारतम्य | ३ जून, रात्री १०:१५

वॉट बघण्याआधी भिंत बघा. जिथे इस्त्री लावणार तिथलं सॉकेट छोटं आहे की मोठं?

सोनटक्का | ३ जून, रात्री १०:२१

बेडरूममध्ये छोटंच आहे. मोठं फक्त एसीचं, ते वर छताजवळ. आणि गीझरचं.

तारतम्य | ३ जून, रात्री १०:४८

मग तुमचा अर्धा प्रश्न सुटला.

छोटं सॉकेट म्हणजे ६ अँपिअरचं. २३० व्होल्ट गुणिले ६ म्हणजे १३८० वॉट. ही त्याची हद्द. १२५० ची इस्त्री त्यात बसते. २२०० ची साधारण साडेनऊ अँपिअर ओढते, तिला १६ अँपिअरचं सॉकेट लागतं (आपण अजून ज्याला पंधरा अँपिअर किंवा पॉवर प्लग म्हणतो ते), आणि अशा बहुतेक इस्त्र्यांना पिनही जाडच येते.

मग लोक काय करतात? जाड पिन छोट्या सॉकेटात बसवायचं जोडणीचं ठोकळं हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, ते आणून लावतात. पहिले चार दिवस काहीच होत नाही. मग सॉकेटचं तोंड पिवळं पडतं, मग तपकिरी, मग एक दिवस प्लॅस्टिक जळल्याचा वास. वायरिंगच्या धंद्यात मला ३० वर्षं झाली, असे जळके बोर्ड किती बदलले त्याची मोजदाद नाही. एक्स्टेन्शन बोर्डाचंही तेच. वर "आयएसआय" छापलेलं असलं तरी आतली तार बारीक असेल तर ती तापणारच.

दुसरं, अर्थिंग. स्टीम इस्त्रीत वीज आणि पाणी हातभर अंतरावर नसतात, बोटभर अंतरावर असतात. जुन्या इमारतींत तिसऱ्या भोकात तारच नसते हे मी स्वतः पाहिलंय. इस्त्रीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर ती इस्त्री वापरायची नाही. आणि ईएलसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारी कळ) ट्रिप होत असेल तर तिच्यावर चिडू नका, ती तिचं काम करतेय.

इस्त्रीवर आयएसआय शिक्का बघून घ्या.

कडक_कॉलर | ४ जून, सकाळी ७:०५

मी उलट्या बाजूने बोलतो. स्टीम वगैरे सगळं ठीक, पण सुती शर्टाला लागतं ते वजन. चौकातल्या परटाची कोळशाची इस्त्री उचलून बघा, सहा-सात किलोची असते. तो दाबत नाही, नुसती फिरवतो. हल्लीच्या स्टीम इस्त्र्या पाणी धरून दीड किलोच्या आत. कॉलर आणि कफ यांना त्या दाद देत नाहीत.

माझी पद्धत अशी. रात्री कपड्यांवर हाताने पाणी शिंपडायचं, घट्ट गुंडाळून पिशवीत ठेवायचे. सकाळी साध्या हजार वॉटच्या जड इस्त्रीने करायचे. परीटघडी म्हणतात ती हीच. टाकी नाही, भोकं नाहीत, क्षार नाहीत. बिघडायला आहेच काय?

झुळूक | ४ जून, सकाळी ७:३०

रात्री आठवण राहिली तर ना काका :)

अणुरेणू | ४ जून, सकाळी ९:१०

कडक_कॉलर यांचा आणि स्टीमचा मुळात झगडाच नाही, दोन्हीकडे काम पाणीच करतं. सुती धाग्यात सेल्युलोजच्या लांब साखळ्या असतात आणि त्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. कपडा चुरगळून वाळला की ते बंध चुरगळलेल्या अवस्थेतच पक्के होतात. पाणी आत शिरलं की सुटतात, उष्णतेने पाणी उडालं की नव्या जागी बसतात. इस्त्रीचं काम ती नवी जागा सपाट ठेवणं. रात्रभर गुंडाळलेल्या कपड्यात पाणी धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचतं, वाफ तेच काम काही सेकंदांत करते. पॉलिएस्टरला पाण्याचं अप्रूप नाही, तो नुसत्या उष्णतेने मऊ पडतो. म्हणून मुलीचा टेरिकॉटचा, म्हणजे पॉलिएस्टर-सुती मिश्र, गणवेश कमी तापमानावरही सरळ होईल.

आता धागाकर्तीच्या वॉटच्या प्रश्नाबद्दल. खोक्यावर "वाफ मिनिटाला अमुक ग्रॅम" लिहिलेलं असतं. ते तपासायला कागद-पेन पुरतं. खोलीच्या तापमानाचं एक ग्रॅम पाणी उकळीला आणून त्याची वाफ करायला साधारण २५७० ज्यूल लागतात. १२५० वॉट म्हणजे सेकंदाला १२५० ज्यूल. म्हणजे सगळीच्या सगळी वीज वाफेला दिली तरी मिनिटाला २९ ग्रॅमच्या वर वाफ सतत निघूच शकत नाही, आणि त्यातली काही वीज कपडा तापवायलाही हवीच. प्रत्यक्षात १५ ते २० मिळाली तरी घरच्या कपड्यांना पुरते. तेव्हा १२५० वॉटच्या खोक्यावर सलग ४० ग्रॅम लिहिलेलं दिसलं तर हसून पुढे जावं. "एका झटक्यात १०० ग्रॅम" हा वेगळा आकडा आहे. ती प्लेटमध्ये साठलेल्या उष्णतेवर निघणारी क्षणभराची वाफ. दोन-तीनदा दाबली की प्लेट थंडावते आणि वाफेऐवजी पाणी थुंकते.

जास्त वॉटचा फायदा खरा आहे, पण तो लवकर तापण्यात आणि वाफ न थांबता मिळण्यात. एका बैठकीला पंचवीस कपडे काढणार असाल तर जाणवेल. रोज सकाळी दोन शर्ट करणार असाल तर नाही.

निवांत | ४ जून, सकाळी ९:२५

मी शर्ट झटकून वाळत घालतो आणि तसाच घालतो. सेल्युलोजने हवे तिथे बंध जोडावेत. (हलके घ्या.)

बोअरवेल | ४ जून, दुपारी १:४०

मूळ प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द "टँकर" आहे आणि त्यावर कोणी बोललंच नाही.

मी पहिली स्टीम इस्त्री घेतली तेव्हा छत्रपती संभाजीनगरात भाड्याने राहत होतो. पाणी बोअरचं. आठ महिन्यांत वाफेची निम्मी भोकं बुजली. मग एका लग्नाच्या सकाळी पांढऱ्या शर्टाच्या पोटावर तपकिरी ओघळ. दुसरा पांढरा शर्ट नव्हता. वरून जाकीट घालून मे महिन्यात दुपारपर्यंत उभा होतो. दोष इस्त्रीचा नव्हता, पाण्याचा आणि माझा.

हिशेब बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरलाय, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. मधलं ४०० धरा. २०० मिलिलिटरची एक टाकी संपली की वाफ कपड्यात जाते आणि ८० मिलिग्रॅम क्षार इस्त्रीतच राहतात. आठवड्याला दोन टाक्या म्हणजे वर्षाला आठ ग्रॅमच्या वर चुना. तोही सुईएवढ्या वाटेत. म्हणजे पिण्यालायक पाणी इस्त्रीलायक असतंच असं नाही.

पाणी जड आहे का हे कळायला यंत्र लागत नाही. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या काठाला पांढरी रेघ उमटते. शाळेत "दुष्फेन पाणी" शिकलो होतो, त्याचा अर्थ तेव्हा कळला.

मी काय काय करून पाहिलं:

आरओचं पाणी: छान चाललं. अजूनही तेच वापरतो.

एसीच्या नळीतून पडणारं पाणी: फुकट आहे, क्षारही जवळजवळ नसतात, म्हणून मोह होतो. पण ते कॉइलवरची धूळ आणि बुरशी धुऊन येतं. कपड्यांना ओलसर वास येऊ लागला, बंद केलं. बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिकेतही अशा पाण्याला नाहीच म्हटलंय.

सोसायटीच्या सॉफ्टनर प्लांटचं पाणी: इथे फसायला होतं. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम देतो. क्षार जात नाहीत, जात बदलतात. फेस मस्त येतो, पण इस्त्रीत खार राहतोच.

बॅटरीचं पाणी: चालतं, मात्र ते डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं) पाणीच आहे ना, हे लेबलवर वाचून घ्या. बॅटरीचं ॲसिडही त्याच दुकानात मिळतं! काही पुस्तिकांत नळाचं आणि डिस्टिल्ड पाणी अर्धं-अर्धं घ्यायला सांगितलेलं असतं, तसं असेल तर तसं करा.

व्हिनेगर: नेटवर सगळे सांगतात, टाकीत घाला म्हणून. पुस्तिका बहुतेक ठिकाणी "घालू नका" म्हणते. मी घातलं होतं. क्षाराचे पापुद्रे सुटले, पुढे जाऊन अडकले, आणि जे थोडं चालत होतं तेही थांबलं.

आता महिन्यातून एकदा सेल्फ-क्लीन करतो. टाकी भरायची, डायल पूर्ण गरमवर, दिवा विझला की प्लग काढायचा, इस्त्री बेसिनवर आडवी धरून ते बटण दाबून हलवत राहायचं. गरम पाणी आणि पांढरा चुरा बाहेर पडतो. हात सांभाळा. नंतर पुन्हा तापवून जुन्या फडक्यावर फिरवायची. आणि रोज काम झालं की उरलेलं पाणी ओतून टाकायचं. हे एवढंच केलं असतं तर लग्नात जाकीट घालावं लागलं नसतं.

सोनटक्का | ४ जून, दुपारी २:०५

बापरे. आमच्याकडे डाळीला एक शिट्टी जास्तच लागते. मी आजवर डाळीलाच बोल लावत होते!

माहीमची_खाडी | ४ जून, दुपारी ३:१५

मुंबईत हा ताप नाही. तानसा, वैतरणा, भातसाचं तलावांचं पाणी आहे, नळाचं थेट भरते. सहा वर्षं झाली, इस्त्री ठणठणीत. टँकरवाल्या सोसायट्यांनी मात्र वरचा प्रतिसाद वाचावा.

ऱ्हाईनकाठ | ४ जून, संध्याकाळी ७:५०

आमच्याकडे जर्मनीत सुपरमार्केटमध्ये डिस्टिल्ड पाण्याचे पाच लिटरचे कॅन मिळतात, वर इस्त्रीचं आणि गाडीच्या बॅटरीचं चित्र. नळाचं पाणी इतकं जड की किटलीला महिन्यात पांढरी साय धरते.

अवांतर: परदेशातून इस्त्री आणणाऱ्यांसाठी. युरोपातली चालते, फक्त पिन बदलावी लागते. अमेरिकेतली आणू नका. माझ्या नणंदेने हौसेने आणली होती. तिथला दाब १२० व्होल्ट, भारतातला २३०. दाब जवळपास दुप्पट झाला की वीज जवळपास पावणेचार पट खेचली जाते. १७०० वॉटची ती इस्त्री इथे सहा हजारांवर गेली असणार, अर्थात काही क्षणच. ठप् असा आवाज आला आणि घरात अंधार. सासूबाईंनी कोपरापासून हात जोडले.

शिकागोचा_वारा | ४ जून, रात्री ९:०२

आणि भारतातून अमेरिकेत नेली तर उलटं. पाव वीज मिळते. मी नेलीय. डायल शेवटच्या टोकाला नेऊनही वाफ काही धरेना, हात शेकायला बरी होती.

उंबरठा | ५ जून, सकाळी १०:३०

पलंगावर स्टीम इस्त्री करू नका हो. साधी चालते, स्टीम नाही. वाफ कपड्यातून आरपार जाऊन खाली निघून जायला हवी. पलंगावर ती चादरीत आणि गादीत मुरते, कपडा दमटच राहतो, आणि पावसाळ्यात गादीला जो कुबट वास लागतो तो दिवाळीपर्यंत जात नाही. जाळीच्या पत्र्याचं घडीचं टेबल घ्या. जेवणाच्या लाकडी टेबलावर घोंगडं टाकून करायचा प्रयोग मी केलाय. पॉलिशवर पांढरे ढग उमटले ते कायमचे.

तसंच, इस्त्री झाल्या झाल्या कपडे कपाटात कोंबू नका. दहा-पंधरा मिनिटं हँगरला हवेत राहू द्या. स्टीममधून आलेला कपडा कोमट आणि किंचित ओला असतो, लगेच घडी केली की नव्याने चुण्या पडतात.

टेबलाचे पैसे इस्त्रीच्या बजेटमध्येच धरा. इस्त्री पाचशेने स्वस्त घेतली तरी चालेल.

झुळूक | ५ जून, सकाळी १०:४४

त्यापेक्षा तो उभा स्टीमर घेतला तर? कपडा हँगरला लटकवून वाफ मारायची.

उंबरठा | ५ जून, सकाळी ११:०२

शिफॉन, जॉर्जेट, ड्रेस, ब्लेझर यांना झकास. सुती शर्टाला अर्धवट. दाबायला खाली काही नसतं, त्यामुळे कॉलर आणि पँटची क्रीज विसरा.

जरीकाठ | ५ जून, दुपारी ४:२०

साड्यांवर मी लिहिते.

सुती साडी खळ घालून वाळवली असेल तर ती पूर्ण कडक वाळायच्या आधी, किंचित ओली असताना इस्त्री करा. खळ टाकीत कधीही घालायची नाही, सुगंधी पाणीसुद्धा नाही. खळीचा थर प्लेटला चिकटून करपतो, तो गार झाल्यावर ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. नॉनस्टिक प्लेटला घासणी लावायची नाही. त्या बाबतीत स्टीलची प्लेट दणकट, तिच्यावर बटणांचे आणि हुकांचे ओरखडेही कमी उठतात. सिरॅमिक घसरते सुरेख, पण आपटली तर टवका जातो.

पैठणीला किंवा कुठल्याही रेशमाला वाफ मारू नका. इस्त्रीतून पाण्याचा एक थेंब पडला की रेशमावर त्याचा डाग गोल उमटतो. उलट्या बाजूने, वर मलमलचं पातळ फडकं, डायल रेशमावर, वाफ बंद. जरीवरून थेट इस्त्री नाहीच.

प्लेट साफ करायला गरम इस्त्रीवर पॅरासिटामॉलची गोळी घासायचा उपाय फिरतोय. डाग निघतो, पण धूर घशात जातो आणि बोट भाजतं. मी एकदाच केला.

सोनटक्का | २६ जून, रात्री ९:१५

मंडळी, घेतली! १२५० वॉट, नॉनस्टिक प्लेट, दोन हजारांच्या आत. जाळीचं टेबलही आलं. आरओचं पाणी भरते. काम संपलं की टाकी रिकामी, अगदी नेमाने.

सुती शर्टावर खूश आहे. आतून किंचित ओलसर असतानाच करते आणि वर वाफ, त्यामुळे कडक_कॉलर काकांचाही मान राहिला. कफ मात्र अजून दोनदा घ्यावे लागतात.

एक अडचण. गणवेश करायला घेतला की भोकांतून वाफेऐवजी पाणी टपकतं. इस्त्री परत करू का?

अणुरेणू | २६ जून, रात्री ९:३३

नको. डायल कुठे आहे?

सोनटक्का | २६ जून, रात्री ९:३५

एका टिंबावर. कपड्यावरच्या पट्टीवर इस्त्रीच्या चित्रात एकच टिंब आहे म्हणून.

अणुरेणू | २६ जून, रात्री ९:५१

तुमचं बरोबर आहे आणि इस्त्रीचंही. एक टिंब म्हणजे कमाल ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. पाणी १०० ला उकळतं हे खरं, पण ११० च्या प्लेटवर पाण्याचे थेंब पडत राहिले तर ती बघता बघता १०० च्या खाली येते आणि पाणी तसंच गळतं. म्हणून वाफ दोन टिंबांच्या पुढेच. एका टिंबाच्या कपड्याला वाफ बंद ठेवून नुसता फवारा मारा, त्याला उष्णता लागत नाही. ठिबक आपोआप थांबवणारी मॉडेलं असतात, तीही कमी तापमानाला पाण्याची वाट बंद करतात, बाकी काही नाही.

आणि क्रम लावा. आधी गणवेश, मग कुर्ते, शेवटी सुती. इस्त्री तापायला दोन मिनिटं लागतात, निवायला दहा. सुतीवरून थेट गणवेशावर आलात तर टेरिकॉटला चकाकी येते, ती जात नाही. गडद पँट आणि छापील टी-शर्ट उलटे करून.

सोनटक्का | ८ जुलै, रात्री ८:४०

क्रम लावला, टपकणं बंद. पहिलं सेल्फ-क्लीनही केलं, पांढरं काहीच निघालं नाही. गणवेश आता मुलगी स्वतः करते.

आज जिन्यात इस्त्रीवाले काका भेटले. "ताई, गावाला गेला होता का?" काय सांगणार! साड्या उद्या पाठवते म्हटलं. साड्या खरंच त्यांच्याकडेच देणार आहे, साडेपाच मीटर त्या छोट्या टेबलावर सांभाळणं माझ्याच्याने होत नाही.

कडक_कॉलर | ८ जुलै, रात्री ९:१०

साडीला खळ कसली घालता? साबुदाण्याची की तांदळाची?

सोनटक्का | ८ जुलै, रात्री ९:१२

तांदळाची पेज. पण काका, त्याला वेगळा धागा काढूया, नाहीतर इथे रात्र होईल.